अर्ध्या मणाचा रावण

मी जयवंती. गावात मला नावानं कुणी हाक मारत नाही, सगळे पीटीच्या बाई म्हणतात. जव्हारला शाळेत एकतीस वर्षं पोरींना कवायत शिकवली, उन्हात उभं केलं आणि त्यांच्या पाठीमागच्या शिव्याही खाल्ल्या. निवृत्त झाल्यावर मोखाड्याच्या बाजूला आमच्या गावी राहायला आले. राग माझ्या नाकावर असतो, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी दचकायला नको.

आमच्या गावात चैत्रात बोहाडा होतो. देवांची, दैत्यांची सोंगं नाचतात आणि ज्या त्या सोंगाचा मान ज्या त्या घराचा असतो. रावणाचं सोंग वाळूदादाच्या घराचं. दहा तोंडांचा हा भला रुंद मुखवटा. तो डोक्यावर आणि खांद्यांवर फडक्यानं करकचून बांधायचा आणि देवळापुढच्या पटांगणाला पाच फेऱ्या नाचत मारायच्या. शेवटच्या दिवशी सूर्य वर आला की रावणाची पाळी येते. वाळूदादाला गुंठाभर जमीन नाही. वर्षभर तो दुसऱ्याच्या बांधावर वाकलेला असतो, पण त्या एका सकाळी सगळं गाव त्याच्यापुढं वाकतं. माझे दीर भिकाभाऊजी तर पंचांचे प्रमुख, पण तेही पायातली चप्पल काढून त्याला नारळ देतात. असा चाळीस वर्षं वाळूदादा नाचला.

दोन हजार दोन सालच्या बोहाड्यात मात्र तिसऱ्या फेरीला त्याचा गुडघा दगा देऊन गेला. रावण मटकन खाली बसला. संबळ थांबला, पिपाणी थांबली. सोंग मातीला टेकलं की सगळ्या गावाला वाईट, असं आमच्याकडं मानतात. वाळूदादाला घरी नेताना लोकांनी वाट सोडली ती जरा जास्तच लांबून सोडली.

पंच बसले आणि भिकाभाऊजींनी सांगितलं, "पुढल्या बोहाड्याला वाळूनं पाच फेऱ्या पुऱ्या कराव्या आणि शेवटाला सोंग रमेशच्या डोक्यावर द्यावं. मधे बसला तर मान दुसऱ्या घरी जाईल." रमेश त्याचा मुलगा, भिवंडीला टेम्पो चालवतो. तो तरणाताठा असून पहिल्यापासून का नाचत नाही, असं शहरातला माणूस विचारील. तर आमच्याकडं सोंग नाचत्या बापाच्या डोक्यावरूनच मुलाच्या डोक्यावर जातं. मातीत बसलेल्या बापाकडून मुलाला काही मिळत नाही. म्हणजे सगळं पुन्हा त्या सहासष्ट वर्षांच्या गुडघ्यांवरच आलं.

हे सगळं मला ठाऊक होतं, पण मी त्यात पडले नव्हते. दिवाळीच्या सुमाराला नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, कापणीला कमळा माझ्याकडं आली. कमळा म्हणजे वाळूदादाची बायको. विळा चालवता चालवता एकदम रडायला लागली. "बाई, ते उठतच नाय. चुलीपाशी बसत्यात नि बिड्या वढत्यात. कामाला गेलं तर लोक म्हणतील रावण बसला, म्हणून घराबाहेर पडत नाय."

"आणि तू काय करतेस?"

"मी काय करणार? पाणी हातात देते, ताट हातात देते. पडलेल्या माणसाला अजून काय तरास देऊ?"

माझं डोकंच सणकलं. म्हातारं माणूस पडलं की त्याला बसवून ठेवायचं, ही आपल्याकडची माया. मायेनं पांगळं करतात लोक! विळा तिथंच टाकला आणि तिच्या पुढं चालत तिचं घर गाठलं.

वाळूदादा भिंतीला टेकून बसला होता. मला बघून उठायला लागला. आधी दोन्ही हात जमिनीला टेकले, मग एक हात गुडघ्यावर, दुसरा भिंतीला, मग "आई गंऽऽ" आणि मग कुठं उभा राहिला. मांड्या बघितल्या तर नुसत्या काठ्या. सात-आठ महिन्यांपूर्वी हाच माणूस डोक्यावर भारा घेऊन घाट चढत होता.

"वाळूदादा, बोहाड्याला किती दिवस राहिले?"

"पाच महिने. पण माझे पाय गेले, बाई."

"पाय कुठं जात नाहीत. तुम्ही त्यांना बसवून ठेवलंय. उद्या सकाळी माझ्या ओट्यावर यायचं. आणि ती बिडी टाका, आत्ता, माझ्यासमोर!"

त्यानं बिडी टाकली. एकतीस वर्षांत माझ्या आवाजाला कुणी नाही म्हटलेलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून आमची शाळा सुरू झाली. पहिलं काम उठबस. ओट्याच्या कडेवर बसायचं आणि हात न लावता उठायचं. पहिल्या दिवशी तीनदा जमलं. दुसरं, खांबाला एक बोट लावून एका पायावर उभं राहायचं. तिसरं, टाचा उचलायच्या. चौथं, विहिरीच्या चढावर चालायचं, नाकानं श्वास घेत, दम लागला की थांबायचं, पण बसायचं नाही. औषधाबिषधाचं मला कळत नाही, म्हणून आधी मोखाड्याला नेऊन डॉक्टरकडून तपासून घेतलं. छाती ठीक आहे, रक्तदाब ठीक आहे, गुडघे झिजलेत पण चालवा, असं डॉक्टर म्हणाले. येताना जीपमध्ये आम्ही दोघं मागं लटकत आलो. तो माझ्याकडं बघून म्हणाला, "बाई, तुमचं पण वय झालंय ना?" मी म्हटलं, गप्प बसा.

पण गाडी पुढं जाईना. मी आकडे म्हणायची, एक, दोन, तीन, चार, आणि वाळूदादा शाळेतल्या पोरासारखा ताठ व्हायचा. खांदे कानाला, श्वास बंद, डोळे माझ्या तोंडाकडं. नाचाचं पाऊल टाकायला सांगितलं की दोन्ही पाय एकमेकांत अडकायचे. मी ओरडायची, तो आणखी ताठ व्हायचा. आठ दिवस असंच. शेवटी मी हात टेकले आणि ओट्यावर बसून राहिले.

कमळा माझ्या अंगणात भांडी घासत होती. तिनं तेलाचा रिकामा डबा उपडा केला आणि दोन्ही हातांनी संबळाचा ठेका धरला. "तुमच्या आकड्यांवर कोण नाचल, बाई?" असं म्हणून वाजवतच राहिली. आणि काय सांगू, वाळूदादाचे खांदे खाली आले. गुडघे वाकले. पाऊल डावीकडं, पाऊल उजवीकडं, मधे एक हलका झोका. मी इतकी वर्षं आकडे मोजत राहिले आणि ज्याच्या अंगात ठेका मुरलाय त्यालाही आकडेच शिकवत बसले. मूर्ख मी! त्या दिवसापासून उठबससुद्धा डब्याच्या ठेक्यावर. वीस दिवसांत तीन उठाबशांच्या पंधरा झाल्या.

मग प्रश्न आला वजनाचा. रुंद मुखवटा मानेवर घेऊन नाचायचं तर मानेला, पाठीला सवय हवी. सोंग मात्र देवळाच्या माळ्यावर बंद असतं आणि बोहाड्याच्या आठवड्याखेरीज खाली उतरत नाही. बाईमाणसानं तर त्याला हातही लावायचा नाही. मी भिकाभाऊजींकडं गेले.

"भाऊजी, रावणाचं सोंग किती किलोचं?"

"किलोचं?" ते माझ्याकडं बघतच राहिले.

"रेशन दुकानातला काटा आणू. एकदा वजन करू, म्हणजे मला त्या मापानं तयारी करता येईल."

"जयवंती, देवाला काट्यावर घालणार तू?" ते एवढ्या जोरात म्हणाले की गोठ्यातली गाय उठली. "आजवर कुणी घातलं नाय, नि तू त्या म्हाताऱ्याला मारूनच गप्प बसशील."

मी पण गप्प बसणारी नव्हे. दारातूनच ओरडले, "मारायचं असतं तर तुमच्यासारखं बसवून ठेवलं असतं!" आणि घरी आले. मग वाळूदादालाच विचारलं. ज्यानं चाळीस वर्षं डोक्यावर घेतलं त्याला नाही ठाऊक तर कुणाला?

"अर्धा मण," तो म्हणाला. क्षणभरही विचार केला नाही.

"अर्धा मण? म्हणजे वीस किलो?"

"अर्धा मण, बाई. माझा बा पण हेच सांगायचा."

गावात चार जणांना विचारलं. सगळे तेच म्हणाले. अर्धा मण, जास्तच असेल, कमी नाही. वीस किलो ह्या मानेवर! रात्री मला झोप लागली नाही. पण मान त्यांचा, सोंग त्यांचं, आणि त्याला ओट्यावर बोलावणारी मी. मी टोपली घेतली, खाली जाड फडक्याची चुंबळ, आडवा बांबू बांधून दोन्ही बाजूंना दहा तोंडांएवढी रुंदी केली. पहिल्या आठवड्यात रिकामी टोपली. मग शेरभर नागली. मग दर चार-पाच दिवसांनी आणखी एक शेर. त्या दिवसांत मी त्याच्या मानेकडं जेवढं बघितलं तेवढं माझ्या नवऱ्याच्या मानेकडं कधी बघितलं नसेल. जरा दुखलं म्हणाला की पुढले तीन दिवस टोपली बंद.

गावाला फुकटचा तमाशा मिळाला. लोक कुंपणाला टेकून बघायचे. "पीटीच्या बाईनं रावण पाळलाय," असं कुणीतरी म्हणालं आणि ते गावभर झालं. वाळूदादाला लाज वाटेल म्हणून मी बिचकले. पण तो बांबू बांधलेल्या टोपलीखालून हसला. "बोलू द्या. मागल्या साली लोक बघत पण नव्हते." फाल्गुनात त्यानं अर्धा मण नागली डोक्यावर घेऊन माझ्या अंगणाला पाच फेऱ्या मारल्या आणि मी कमळाला मिठी मारली. मी कुणाला मिठी मारत नाही.

बोहाड्याच्या तीन दिवस आधी रमेश भिवंडीहून आला. मालक सुट्टी देईना म्हणून भांडून आला होता. सोंगं माळ्यावरून खाली उतरली होती आणि रंगाचा हात फिरवायला रावण वाळूदादाच्या दारी आणला होता. मी तिकडं गेले तर रमेश दारातून आत चाललेला. एका हातात चहाचा कप आणि दुसऱ्या हातात, बखोटीला धरून उचललेला, दहा तोंडांचा रावण.

मी उभीच राहिले. "रमेश, ते काय आहे?"

"सोंग हाय, बाई. सावलीत ठेवतो, रंग उडतोय."

"एका हातात?"

"मग काय? हलका तर हाय. कागदाचा लगदा नि बांबू. आठ-नऊ किलो असंल. आमच्या टेम्पोत याच्याहून जड पेट्या चढवतो मी."

आठ-नऊ किलो! आणि मी सहासष्ट वर्षांच्या माणसाच्या मानेवर वीस किलो चढवलेले, एक एक शेर करून, स्वतःच्या हातानं. काही झालं असतं म्हणजे? मानेचा मणका सरकला असता म्हणजे? आधी भीती वाटली आणि मग आला तो राग. वाळूदादा अंगणात बसून रंग कालवत होता. मी त्याच्यापुढं जाऊन उभी राहिले.

"हे अर्धा मण?"

त्यानं मान खाली घातली.

"मी तुम्हाला विचारलं होतं की नाही? सरळ विचारलं होतं! मला तरी खरं सांगायचंत!"

"बाई," तो हळूच म्हणाला, "रावणाला हलकं म्हणायचं नसतं. माझ्या बानं कधी म्हटलं नाय, त्याच्या बानं म्हटलं नाय. तो ऐकत असतो. हलकं म्हटलं नि नाचताना खरंच जड झाला, तर?"

"आणि गावातले बाकीचे?"

"त्यांनी कधी उचललाय?"

मी कमळाकडं वळले. "तुला ठाऊक होतं?"

"होतं की," ती म्हणाली. "लगीन होऊन आले तवापासून रंगवते मी, बाहेर सांगू नका. पण म्हटलं, बाई शिकलेल्या हायत, जास्तीच चढवत्यात तर कायतरी बघूनच चढवत असतील."

आता ह्यांना काय म्हणावं! मी ओरडायला तोंड उघडलं आणि मला हसायलाच आलं. रमेश हसला, कमळा हसली, वाळूदादा मात्र हसला नाही. मुखवट्याकडं बघून त्यानं दोन्ही कानांच्या पाळ्या धरल्या.

शेवटच्या दिवशी मी पहाटेपासून पटांगणाच्या कडेला जागा धरून होते. ऊन वर आलं तसा पुकारा झाला, रावण आला, रावण आला! वाळूदादाच्या अंगावर लाल झगा, कमरेला पट्टा, हातात लाकडी तलवार आणि खांद्यांवर दहा तोंडं. भिकाभाऊजींनी नारळ दिला, पाया पडले. उठताना माझ्याकडं एक नजर टाकली, म्हणजे बघ, आता काय होईल त्याला तू जबाबदार.

संबळ सुरू झाला. पहिली फेरी झाली. मी पायांकडंच बघत होते, बाकी कुठं नाही. दुसरी झाली. तिसऱ्या फेरीला तो त्या जागेपाशी आला, जिथं मागल्या साली बसला होता. तिथं जमीन जरा उतरती आहे. उजवं पाऊल घसरलं. पटांगणातून एकच "आऽऽ" निघाला. माझा हात तोंडावर गेला. गुडघा वाकला, खाली गेला, आणखी खाली गेला, आणि तिथूनच, हात न टेकता, ठेका न सोडता, रावण वर आला. दहाची दहा तोंडं एकदम वर आली. मी एवढ्या मोठ्यानं ओरडले की बाजूची म्हातारी माझ्यापासून सरकून बसली. अरे, माझे पाय आहेत ते! मी घडवलेत!

चौथी झाली. पाचवीला रमेश पटांगणाच्या मधे येऊन उभा राहिला. डोक्याला फडकं बांधलेलं, हात जोडलेले, ओठ कोरडे पडलेले. कमळा रडत होती. भिकाभाऊजी कुंकवाची वाटी घेऊन पुढं झाले. पाचवी फेरी पुरी झाली, म्हणजे मान घरातच राहिला, हे सगळ्यांना कळलं आणि लोकांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. रावण नाचत नाचत रमेशपुढं आला. आता मान वाकवायची, फडकं सोडायचं आणि सोंग मुलाच्या डोक्यावर जायचं.

रावण थांबला. मुलाकडं बघितलं. मग ती दहा तोंडं सावकाश डावीकडं गेली आणि सावकाश उजवीकडं. नाही. आणि रमेशला वळसा घालून रावण सहाव्या फेरीला निघाला.

संबळवाला गोंधळला, पिपाणीवाल्याचा सूर चुकला. "अरे वाळू! अरे, झालं ना!" भिकाभाऊजी वाटी घेऊन त्याच्या मागं धावले. सोंग घातलेला माणूस बोलत नाही, त्यामुळं त्याला विचारणार तरी कोण? रमेश बिचारा जोडलेले हात तसेच धरून उभा. सहावी झाली, सातवी झाली. सातवी तर त्यानं पहिलीपेक्षा दणक्यात मारली. लोक उभे राहिले होते, बायका ओरडत होत्या, आणि मी रडत होते. लाजबीज काही वाटली नाही. एकतीस वर्षांत माझ्या किती पोरी जिल्ह्याला खेळल्या, एकीनं तर राज्याचं मेडल आणलं, पण असा माझा ऊर कधी भरून आला नव्हता.

देवळापाशी जाऊन त्यानं स्वतःच सोंग उतरवलं, माळ्याच्या शिडीला अलगद टेकवलं. मी गर्दी कापत पोचले तेव्हा तो पायरीवर बसून पाणी पीत होता. कपाळावरून घाम गळत होता, पण श्वास बघितला तर नाकानं, शिकवला तसाच.

रमेश त्याच्यापुढं उभा होता आणि चांगलाच तापला होता. "बा, मालकाशी भांडून आलो मी! सगळ्या गावापुढं फडकं बांधून उभा राहिलो. द्यायचं ठरलं होतं ना? मग दिलं का नाय?"

वाळूदादानं तांब्या खाली ठेवला. तोंड पुसलं. आधी मुलाकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि चोरी पकडली गेल्यासारखा ओशाळून हसला.

"काय करू रं, दमलोच नाय," तो म्हणाला.